गाडीने देशाची सीमा ओलांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाने परदेशी जाताना विमानतळ आपल्याला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत बरोबर नेऊन सोडतो. रस्त्यावरच्या सीमानाक्यावर असं कुणी नेत नाही. तिथे चार खिडक्या असतात, पाट्या अर्ध्याच वाचता येतात, मागचा ट्रक हॉर्न मारत असतो आणि नेमक्या कुठल्या खिडकीवर आधी जायचं हे आपल्यालाच शोधावं लागतं. खालचे बहुतेक प्रश्न याच गोंधळातून आलेले आहेत.

आधी एक गोष्ट, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. सीमा एक दिसते, पण ओलांडणारे तिघे असतात: माणूस, गाडी आणि सामान. माणसाला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, गाडीला कस्टम्सचा कागद लागतो, सामानाला वेगळेच नियम असतात. माणसाचं काम झालं की लोकांना वाटतं सुटलो. घोळ होतो तो बहुतेक वेळा गाडीचा.

नाक्यावर नेमकं काय काय होतं?

आधी आपण ज्या देशात आहोत तिथून बाहेर पडायचं: इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का, मग कस्टम्सकडे गाडी बाहेर चालल्याची नोंद. त्यानंतर दोन नाक्यांमधला मोकळा पट्टा. तो कधी पन्नास पावलांचा असतो, कधी काही किलोमीटरचा. पलीकडे हेच सगळं उलट्या दिशेने: प्रवेशाचा शिक्का, गाडीची तात्पुरती आयात, विमा, आणि शेवटी डिकी उघडा म्हणतात.

मधल्या पट्ट्यात रेंगाळू नका, रस्ता सोडून कडेला उतरू तर मुळीच नका. मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्यामधल्या गेरगेरातच्या पट्ट्यात कित्येक वर्षं धड रस्ताच नव्हता. वाळूत गाड्यांचे सांगाडे पडलेले असत आणि आजूबाजूला भूसुरुंगांची भीती होती.

काही ठिकाणी दोन्ही देशांची माणसं एकाच इमारतीत बसतात, त्यामुळे थांबा एकच होतो. आफ्रिकेतला असा पहिला नाका झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामध्ये चिरुंडूला २००९ साली सुरू झाला. बोट्स्वाना आणि झांबिया यांना जोडणारा काझुंगुलाचा पूल २०२१ मध्ये खुला झाला, तिथेही हीच पद्धत आहे. त्याआधी तिथे झांबेझी नदी ओलांडायला गाड्या तराफ्यावर चढवाव्या लागत आणि ट्रकवाल्यांचे दिवसच्या दिवस तिथे जात.

आणखी एक, ज्याची कल्पना नसली की घरातली मंडळी घाबरतात. बऱ्याच नाक्यांवर गाडीत फक्त चालक बसतो, बाकीच्यांना उतरून पायी वेगळ्या दाराने जावं लागतं. तुर्कस्तानातून जॉर्जियात जाताना सार्पीला असंच होतं. तेव्हा ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्याजवळ असू द्या आणि पलीकडे कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. सगळे पासपोर्ट गाडीच्या खणात ठेवून चालक पुढे गेला, की बाकीचे दारात अडकतात.

आपलं लायसन्स चालतं का? इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावंच लागतं का?

शेजारी देश एकमेकांची लायसन्स बऱ्याचदा तशीच मान्य करतात. तरी परमिट काढून ठेवावं, कारण ते स्वस्तात होतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच मागते.

हे परमिट म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे, आपल्या लायसन्सचं अधिकृत भाषांतर आहे. मूळ लायसन्स जवळ नसेल तर त्याला काही किंमत नाही. ते निघतंही आपलं लायसन्स ज्या देशाचं आहे तिथेच, परदेशात पोहोचल्यावर काढता येत नाही. ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ घरपोच देणाऱ्या वेबसाइट खूप आहेत. त्यांचं गुळगुळीत कार्ड पोलिसाच्या लेखी निव्वळ प्लास्टिक.

परमिटचे नमुने एकाहून जास्त आहेत, आणि फसगत इथे होते. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेलं परमिट एक वर्ष चालतं. १९६८ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे दिलेलं जास्तीत जास्त तीन वर्षं, तेही मूळ लायसन्सची मुदत असेपर्यंत. काही देश एकच नमुना मानतात. जपानला फक्त १९४९ चा चालतो. चीन तर कुठलाच मानत नाही: तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स काढावं लागतं आणि परदेशी नंबरची गाडी असेल तर मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत, गाइड सोबत घेऊनच प्रवास करावा लागतो. ‘चीनमधून आरपार जाऊ’ असा बेत करणाऱ्यांचं अंदाजपत्रक बहुधा याच ओळीवर कोसळतं.

कार्ने म्हणजे काय? तो सगळीकडे लागतो का?

पूर्ण नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’. गाडीचा पासपोर्ट म्हणतात त्याला, पण खरं म्हणजे ते हमीपत्र आहे. कुठल्याही देशाच्या कस्टम्सला एकच धास्ती असते: हा माणूस गाडी आत आणेल, आयात शुल्क न भरता इथेच विकेल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. कार्ने त्या देशाला सांगतो, की गाडी परत गेली नाही तर शुल्क आम्ही भरू. ही हमी देते आपल्या देशातली वाहन संघटना, एफआयए या जागतिक महासंघाच्या जाळ्यातून. आणि ती संघटना ते पैसे सुटावेत म्हणून आपल्याकडून आधीच अनामत किंवा बँकेची हमी घेऊन ठेवते. रक्कम गाडीची किंमत आणि कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. जिथे आयात शुल्क जबर, तिथे अनामतही जबर.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत जाताना कस्टम्स एक भाग फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा स्थळप्रतीसारखा आपल्याकडे राहतो आणि त्यावर आत जाताना व बाहेर पडताना, असे दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात आहे, आणि अनामत अडकली.

माझी एकदा अशी फजिती झाली आहे. रात्रीची वेळ, पाऊस, कंटाळलेला अधिकारी. त्याने भलत्याच पानावर शिक्का मारला आणि मी न बघता वही मिटली. हॉटेलवर वही उघडली तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाक्यावर, आणि तोवर पाळी बदललेली. तेव्हापासून खिडकी सोडायच्या आधी मी शिक्का, तारीख आणि पान मोठ्याने वाचतो. मागचे वैतागतात, वैतागू देत.

तो सगळीकडे लागत नाही. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त असे देश परदेशी गाडीला कार्ने मागतात. युरोप, मध्य आशियाचा बराच भाग आणि अमेरिका खंड त्याशिवाय पार होतात. शेजाऱ्यांचे आपसातले करारही असतात. भारतीय नंबरची गाडी नेपाळला कार्नेशिवाय जाते: नाक्यावर जकात, म्हणजे तिथल्या भाषेत भन्सार, भरायची आणि जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचा परवाना घ्यायचा.

कार्ने लागत नाही तिथे गाडीसाठी काय करायचं?

तात्पुरत्या आयातीचा परवाना. नाव देशागणिक बदलतं, मतलब तोच: अमुक तारखेच्या आत गाडी बाहेर जाईल. मेक्सिकोत सीमेलगतच्या पट्ट्यापुरतं आणि बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तो लागत नाही. आणखी आत जायचं तर घ्यावा लागतो, अनामत ठेवावी लागते आणि परतताना परवाना रद्द करून घेतला की ती परत मिळते. रद्द न करता निघून आलात तर अनामत जातेच, पुढच्या वेळी त्या गाडीला दुसरा परवानाही मिळत नाही.

व्हिसाची मुदत आणि गाडीच्या परवान्याची मुदत सारखी असेलच असं नाही. व्हिसा नव्वद दिवसांचा आणि गाडीचा कागद तीस दिवसांचा, हे अगदी रोजचं. नाक्यावरून निघण्याआधी दोन्ही तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

गाडी माझ्या नावावर नाही. चालेल?

चालेल, पण मालकाचं संमतीपत्र हवं: गाडीचा नंबर, चासी नंबर, चालकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठल्या देशांत, किती दिवस. नोटरी केलेलं आणि पलीकडच्या भाषेत भाषांतर असलेलं. गाडी बायकोच्या, वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असली तरी हेच. सोबत सख्खा भाऊ आहे म्हणून कस्टम्सवाला विरघळत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या. अमेरिकेतून मेक्सिकोत जाताना ते हटकून मागतात.

भाड्याच्या गाडीचं जास्त नाजूक आहे. कंपनीला न विचारता सीमा ओलांडली तर विमा तिथेच संपतो, आणि गाडीत ट्रॅकर असल्यामुळे त्यांना ते कळतंही. बुकिंग करतानाच देशांची नावं घेऊन विचारा आणि लेखी परवानगी घ्या. ‘युरोपात चालेल’ या उत्तरावर विसंबू नका. पश्चिम युरोपातून मिळणारी महागडी गाडी पूर्वेकडच्या काही देशांत न्यायला मनाई असल्याचं करारातल्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

घरचा विमा पलीकडे लागू होतो का?

कधी हो, कधी अजिबात नाही. अमेरिकेतली पॉलिसी कॅनडात बहुधा चालते, मेक्सिकोत चालत नाही. एकाच देशाच्या दोन शेजाऱ्यांत हा फरक.

घरचा विमा पलीकडेही लागू व्हावा यासाठी जगात रंगीत कार्डांची एक गंमतशीर परंपरा आहे. युरोप आणि त्याच्या आसपास ग्रीन कार्ड, १९५३ पासून. मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान, इराणही त्यात आहेत. पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड, आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या काही देशांत यलो कार्ड, दक्षिण अमेरिकेत मेर्कोसुर या व्यापारगटातल्या देशांसाठी ‘कार्ता व्हेर्दे’, म्हणजे पुन्हा हिरवंच. युरोपचं ग्रीन कार्ड मात्र जुलै २०२० पासून पांढऱ्या कागदावर छापलं तरी चालतं. त्यावर देशांच्या अक्षरांचे चौकोन असतात. आपल्याला जायचंय तो चौकोन खोडलेला नाही ना, हे विमा एजंटच्या टेबलावरच बघा.

अशी सोय नसेल तर नाक्यालगतच्या टपरीवजा ऑफिसात विमा विकत घ्यावा लागतो. तो फक्त तिसऱ्या पक्षासाठी असतो, म्हणजे आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर. आपल्या गाडीचा चुराडा झाला तर त्यातून दमडी मिळत नाही. पावती खरी आहे ना, गाडीचा नंबर बरोबर लिहिलाय ना, हे तपासून घ्या.

व्हिसाच्या बाबतीत रस्त्याने जाणाऱ्याने वेगळं काय बघायचं?

तीन गोष्टी. आपल्याला हवा तो नाका त्या व्हिसासाठी मान्य आहे का, कारण बरेच ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतात. आगमनानंतर मिळणारा व्हिसा विमानतळावर मिळतो म्हणजे रस्त्याच्या नाक्यावरही मिळतो, असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवेश किती वेळा.

रस्ता सरळ जात असला तरी देश सरळ जात नाहीत. क्रोएशियाचा किनारा धरून दुब्रोव्हनिकला जाताना मध्ये नेउमपाशी बोस्नियाची चिंचोळी पट्टी लागते. म्हणजे अर्ध्या तासात सीमा दोनदा: क्रोएशियातून बाहेर आणि परत आत. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाकचा पूल झाल्यावर ती टाळता येते. ओमानचं मुसंदम उरलेल्या ओमानपासून अमिरातीच्या भूमीने तोडलेलं आहे. अलास्काला गाडीने जायचं तर अमेरिकेतून अमेरिकेत जाताना कॅनडा ओलांडावाच लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर अशा ठिकाणी आपण बाहेर पडतो आणि परत आत येता येत नाही. नकाशावर बोट ठेवून मार्ग पुढे सरकवा आणि सीमारेषा किती वेळा ओलांडली ते मोजा.

युरोपात तर आता सीमाच नाहीत ना?

शेंगेन देशांच्या आपसातल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नाही, एवढंच. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी मोझेल नदीत एका बोटीवर करार झाला, मार्च १९९५ मध्ये तपासणी प्रत्यक्ष उठली. आज २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमेनियाच्या रस्त्यावरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून मोकळ्या झाल्या. पण अलीकडे अनेक देशांनी सुरक्षेच्या कारणाने तात्पुरती तपासणी पुन्हा लावली आहे, त्यामुळे पासपोर्ट हाताशी ठेवाच.

इथेही माणूस आणि सामान वेगळे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहेत, युरोपीय महासंघात नाहीत. म्हणून पासपोर्ट कुणी पाहत नाही पण कस्टम्स गाडी थांबवतं. स्वित्झर्लंडमध्ये माणशी एक किलोपेक्षा जास्त मांस नेलं तर शुल्क पडतं, आणि बॅगेत मांस घेऊन पकडले जाणारे तिथे काही कमी नाहीत.

बाहेरच्या देशांच्या पाहुण्यांना कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पूर्वी शिक्के मोजून हिशेब व्हायचा. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे ‘शिक्का पुसट आहे’ ही सबब आता संपली.

नकाशात रस्ता सीमेपलीकडे जाताना दिसतोय. म्हणजे नाका चालू असणार?

नाही. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यामधली सीमा १९९४ पासून बंद आहे. रस्ते आहेत, दोन्हीकडे गावं आहेत, पलीकडचं दिसतं, जाता येत नाही. आर्मेनिया आणि तुर्कस्तान यांची सीमा १९९३ मध्ये बंद झाली. अझरबैजानने २०२० मध्ये साथीच्या कारणाने जमिनीवरून येणारे प्रवासी थांबवले आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षं त्याला मुदतवाढ देत राहिला. फिनलंडने २०२३ च्या अखेरीस रशियाकडचे नाके बंद केले.

काही नाके फक्त स्थानिकांसाठी किंवा दोन्ही देशांच्या नागरिकांसाठीच असतात, तिसऱ्या देशाच्या पासपोर्टला तिथे परत पाठवतात. काही फक्त पादचाऱ्यांसाठी. घाटातले नाके बर्फात बंद होतात: चिली आणि अर्जेंटिना यांच्यामधला लोस लिबेर्तादोरेस सुमारे ३,२०० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात कित्येक दिवस गाड्या पायथ्याशी अडकून पडतात.

आणि कधी रस्ताच नसतो. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंतचा पॅन-अमेरिकन महामार्ग पनामात याविसा गावी संपतो आणि पुढे सुमारे १०० किलोमीटर दारिएनचं जंगल आहे. गाडी कंटेनरमध्ये घालून जहाजाने कोलंबियात पाठवायची आणि स्वतः विमानाने जायचं, दुसरा धड मार्ग नाही.

किती वेळ लागतो? कधी पोहोचावं?

वीस मिनिटं ते दोन दिवस. सकाळी नाका उघडताना पोहोचलेलं उत्तम. सणासुदीच्या आणि सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी टाळा. पर्याय असेल तर ट्रकांचा मुख्य नाका सोडून तीस-चाळीस किलोमीटरवरचा छोटा नाका निवडा, मात्र तिथे गाडीची कागदपत्रं करणारा कस्टम्स अधिकारी बसतो का, ते आधी विचारा.

घड्याळाकडे लक्ष द्या. खुंजराब खिंडीत पाकिस्तानातून चीनमध्ये शिरलं की घड्याळ तीन तास पुढे जातं, कारण अख्खा चीन बीजिंगच्या वेळेवर चालतो. म्हणजे इकडे दुपारचे दोन, तिकडे संध्याकाळचे पाच. इकडचा शिक्का मिळाला आणि तिकडचं ऑफिस बंद झालं, तर रात्र दोन देशांच्या मधोमध.

कुठल्या वस्तू अडचणीत आणतात?

बंदुका आणि अमली पदार्थ सोबत नेऊ नयेत, हे कुणाला सांगावं लागत नाही. अडकतात ते साध्या गोष्टींनी.

खाणं पहिलं. फळं, बिया, मध, मांस, दूध हे शेतीतले रोग घेऊन येतात म्हणून देश त्यांच्याबाबत कडवे असतात. चिलीत शिरताना विसरलेलं एक सफरचंद जाहीर केलं नाही तरी दंड होतो. जाहीर केलं तर ते काढून घेतात आणि सोडून देतात. बाहेरून युरोपीय महासंघात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बोट्स्वानात लाळ्या खुरकुताच्या भीतीने ठिकठिकाणी गाडीची चाकं औषधी पाण्यातून न्यायला लावतात आणि आपल्याला बूट बुडवायला सांगतात. ओमानमधून अमिरातीत जाणाऱ्यांनी मसाल्याच्या डब्यात खसखस नाही ना ते पाहावं, तिथे ती अफूच्या वर्गात मोडते आणि बाळगणं गुन्हा आहे.

मग औषधं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या एका देशात दुकानात सहज मिळतात आणि शेजारी देशात नियंत्रित असतात. मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, लागतील तेवढीच न्या. एका देशात कायदेशीर आहे म्हणून सीमेवरही कायदेशीर, हा तर्क लागू होत नाही. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तरी तो घेऊन सीमा ओलांडणं दोन्ही दिशांनी गुन्हाच आहे.

ड्रोन मोरोक्कोच्या नाक्यावर काढून घेतात. सॅटेलाइट फोनवर भारतात बंदी आहे, विशेष परवानगी लागते. ऑस्ट्रिया आणि पोर्तुगालमध्ये डॅशकॅमला गोपनीयतेचे कायदे आडवे येतात. रोख रक्कम १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर अमेरिकेत आणि १०,००० युरो किंवा जास्त असेल तर युरोपीय महासंघात जाहीर करावी लागते. जाहीर करायला कर नाही, लपवायला दंड आहे.

अधिकाऱ्याने प्रश्न विचारले तर?

इंजिन बंद, गॉगल काढलेला, खिडकी खाली, गाणी बंद. विचारलं तेवढंच सांगा. विनोद नको. नाक्याचे आणि गणवेशातल्या माणसांचे फोटो काढू नका, बहुतेक देशांत ते बेकायदा असतं आणि फोनमधली गॅलरी तपासायला मग चांगलंच कारण मिळतं. वाटेत कुणाला लिफ्ट दिली असेल तर नाक्याच्या आधी उतरवा. त्याच्या पिशवीत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं आणि गाडी आपली असते.

दलाल मदत करू का म्हणतात. घ्यावी का?

मोठ्या, गर्दीच्या नाक्यांवर हा उद्योगच असतो. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेला माणूस आपल्याकडे धावत येतो आणि हातातून कागद घेऊन चालू लागतो. कागद देऊ नका. भाषा अजिबात येत नसेल आणि सात खिडक्या असतील तर मदतनीस घेणं चुकीचं नाही, पण पैसे आधी ठरवा आणि सरकारी पावत्या स्वतः मागून घ्या. अधिकाऱ्याने थेट पैसे मागितले तर शांतपणे पावती मागा. आपल्याला घाई नाही असं दिसलं की बऱ्याचदा मागणी विरते.

पलीकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. अदलाबदल नेमकी कुठे होते?

थायलंड डावीकडून चालतो, लाओस उजवीकडून. नोंग खाई इथल्या १९९४ च्या मैत्री पुलावर डावी बाजूच राहते आणि लाओसच्या टोकाला सिग्नलवर गाड्या एकमेकांना छेदून बाजू बदलतात. हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलावर उलट: अख्खा पूल उजवीकडून आणि बदल टोकांना.

खरी भीती नाक्यावर नसते, तिथे आपण सावध असतो. ती असते दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. समोर गाडी नसली की हात सवयीच्या बाजूला वळतात. शेजारी बसणाऱ्याने पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर मोठ्याने बाजू सांगावी. ओव्हरटेक करताना चालकाला पुढचं दिसत नाही, तेव्हाही शेजाऱ्याचेच डोळे. हेडलाइटचा झोत आपल्या कडेला झुकलेला असतो, बाजू बदलली की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी काचेवर लावायचे स्टिकर मिळतात.

बाकी कुठले नियम बदलतात?

वेगाचं एकक. आयर्लंडमध्ये जानेवारी २००५ पासून पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, उत्तर आयर्लंडमध्ये मैलांत, आणि दोघांच्यामध्ये नाका नाही. पाटीवरचा आकडा बदलला एवढीच सीमेची खूण. दारू: ऑस्ट्रियात थोडी मुभा आहे, शेजारच्या हंगेरी, चेकिया, स्लोव्हाकियात शून्य.

हायवेसाठी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया अशा देशांत टोलनाक्याऐवजी व्हिनेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा रस्त्याचा पास, घ्यावा लागतो, आणि तो सीमेआधीच. पंपाच्या नळीच्या रंगावर जाऊ नका. युरोपात हिरवी बहुधा पेट्रोलची असते, अमेरिकेत बहुधा डिझेलची. युरोपात २०१८ पासून पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोनी चिन्ह आहे, ते बघा.

गाडीच्या मागे देशाच्या अक्षरांचं लंबगोल चिन्ह व्हिएन्ना कराराने सांगितलेलं आहे, आणि नंबरप्लेटवर रोमन अक्षरं व आंतरराष्ट्रीय अंकही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘जीबी’ बदलून ‘यूके’ केलं, तेव्हा जुने स्टिकर एका दिवसात निरुपयोगी झाले.

लहान मुलं आणि कुत्रा?

आई-वडिलांपैकी एकच सोबत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला. आडनावं वेगळी असतील तर नक्कीच.

कुत्र्याचं काम माणसापेक्षा आधी सुरू करावं लागतं. युरोपीय महासंघासाठी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान २१ दिवस. काही देशांतून येणाऱ्यांना वर रक्ताची चाचणीही लागते: लसीनंतर ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत.

गाडी पलीकडेच बिघडली किंवा अपघातात संपली तर? ती सोडून विमानाने घरी येता येईल?

सरळ उठून येता येणार नाही. गाडी तुमच्या नावावर तात्पुरती आयात झालेली आहे. तुर्कस्तानसारख्या देशात ती थेट तुमच्या प्रवेशाच्या नोंदीला जोडलेली असते, त्यामुळे विमानतळावर ‘गाडी कुठे आहे?’ हा प्रश्न येतो. घरी कुणी आजारी असलं तरी आधी गाडी कस्टम्सच्या ताब्यात किंवा गोदामात ठेवून तसा कागद घ्यावा लागतो.

गाडी जळाली, चोरीला गेली, दरीत गेली, तरी शुल्काची जबाबदारी आपोआप संपत नाही. पोलिसांचा अहवाल घ्या, मग कस्टम्सकडून गाडी नष्ट झाल्याचं किंवा त्यांच्या स्वाधीन केल्याचं प्रमाणपत्र घ्या. भंगार म्हणून कुणाला परस्पर विकलंत तर कस्टम्सच्या भाषेत ती चोरटी आयात होते. अनेकदा गाडी ट्रकवर लादून सीमेपार नेणं सगळ्यात स्वस्त पडतं, कारण चाकं फिरतात की नाही याच्याशी कार्नेच्या वहीला देणंघेणं नसतं. गाडी बाहेर गेली पाहिजे. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर परवान्याची मुदत संपण्याआधी वाढवून घ्या, गॅरेजचं पत्र जोडा. संपल्यावर अर्ज म्हणजे दंडाचा अर्ज.

परत येताना काही करायचं असतं का?

असतं, आणि घरची ओढ लागलेली असल्यामुळे नेमकं तेच राहतं. पलीकडे गाडीचा परवाना रद्द करा, अनामतीची पावती घ्या. स्वतःच्या देशात गाडी परत आल्याची नोंद करा, कार्ने असेल तर शेवटचे शिक्के तपासून तो संघटनेकडे जमा करा. महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप जाताना कस्टम्सकडे नोंदवला असेल तर ती चिठ्ठी इथे दाखवायची, नाहीतर तो परदेशात घेतलेला समजून शुल्क लावू शकतात. पलीकडे बसवलेले नवे टायरही खरेदीतच धरले जातात. त्यांचं बिल डिकीत सामानाखाली नको, हाताशी ठेवा.